बोटीवरचा वॉटर कूल्ड फ्रिज चालतोय पण गार होत नाही: गॅस भरायच्या आधी हे सगळं बघा

बोटीवरच्या वॉटर कूल्ड फ्रिजची तक्रार फिरून फिरून एकच येते, कंप्रेसर दिवसभर चालू आहे, बॅटरी उतरतेय आणि आतलं सामान काही गार होत नाहीये. आणि त्यावर अंदाजही ठरलेला, गॅस संपला असेल. मी हीच बिघाडं वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय आणि त्यात गॅस खरंच कमी झालेल्या बोटी थोड्याच निघाल्या, बहुतेक ठिकाणी एकतर पाणी नीट फिरत नसतं नाहीतर कंप्रेसरपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नसतं. या छोट्या सिस्टीममध्ये गॅस मुळातच फार थोडा असतो, त्यामुळे कुणी उगाच गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावून बघितलं तरी त्याच्या होसमध्ये, म्हणजे नळीत जाणारा गॅस त्या मानाने बराच होतो, वर हवा आणि ओलावा आत शिरायची भीती. आणि दोष पाण्याचा असताना वरून गॅस भरला तर आधीच दमलेल्या कंप्रेसरवर लोड अजून वाढतो. म्हणून पाण्याचा मार्ग आणि वायरिंग बघून होत नाही तोवर गेज कुणालाही लावू देऊ नका.

मी इथे मुख्यतः 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारी छोटी सिस्टीम धरलीये, म्हणजे डॅनफॉसचा (आता सेकॉप नावाने येतो) बीडी35 किंवा बीडी50 सारखा कंप्रेसर, आर134ए गॅस, नळीत नळी असलेला क्युप्रोनिकेलचा (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू) कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता पाण्यात सोडणारा भाग, आणि समुद्राचं पाणी फिरवणारा छोटा पंप. इंजिनवर किंवा किनाऱ्याच्या करंटवर चालणारी मोठी सिस्टीम असेल तरी तपासायचा क्रम हाच, आकडे तेवढे बदलतील.

आधी लक्षणं

तुमचा फ्रिज नक्की काय करतोय ते आधी शांतपणे बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं.

कंप्रेसर थांबतच नाही, आणि सकाळी बरं चालतं पण दुपारी किंवा गरम पाण्याच्या भागात गेल्यावर गार होणं कमी होतं: उष्णता बाहेर पडत नाहीये, म्हणजे पाणी कमी फिरतंय किंवा कंडेन्सरमध्ये क्षार साठलेत.

कंप्रेसर सुरू होतो, काही सेकंदांत बंद पडतो, मिनिटभराने परत प्रयत्न करतो आणि हे चालूच राहतं: पहिला संशय व्होल्टेजवर, दुसरा जास्त प्रेशरवर.

बंदरात छान चालतं पण बोट शिडावर कलली की किंवा वेगात असली की बंद पडतं: पंपात हवा शिरतेय.

बराच वेळ बंद ठेवून चालू केला की मस्त गार होतो, मग तास दोन तासांनी गार होणं थांबतं आणि परत विश्रांती दिली की परत चालतो: सिस्टीमच्या आत ओलावा आहे आणि तो कॅपिलरीच्या (गॅसच्या मार्गातली अगदी बारीक नळी) तोंडाशी गोठून रस्ता अडवतोय. हे घरी करायचं काम नाही.

इव्हॅपोरेटरच्या (डब्यातली गार होणारी प्लेट) एकाच कोपऱ्यात बर्फाचा पांढरा थर येतो आणि बाकी प्लेट कोरडी: इथे गॅस कमी असल्याची शंका घ्यायला जागा आहे, पण कॅपिलरी अर्धवट अडकली असली तरी असंच दिसतं.

बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा कंडेन्सरच्या बाहेर हिरवट ओघळाबरोबर तेलकट ओल असेल, तर पुढचं काही वाचायच्या आधी फ्रिजचा स्विच बंद करा आणि सीकॉक (समुद्राचं पाणी बोटीत घेणाऱ्या बुडाच्या भोकावरचा व्हॉल्व्ह) पण बंद करा. कंडेन्सरच्या नळीला भोक पडलं असेल तर खारं पाणी गॅसच्या बाजूला जाऊ शकतं आणि एकदा ते कंप्रेसरमध्ये गेलं की कंप्रेसर संपलाच म्हणून समजा.

फुकटात होणारी तपासणी

सुरुवात डब्यापासून करा, मशीनपासून नको. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी धरून झाकण लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथून गार हवा जातेय. डब्याच्या तळाला पाणी जायचा ड्रेन असतो त्याला बूच आहे का बघा, गार हवा जड असते, ती तळातून सरळ बिल्जमध्ये (बोटीच्या तळाची पोकळी) निघून जाते आणि वरचं झाकण कितीही घट्ट असलं तरी उपयोग नाही. इव्हॅपोरेटरवर बोटाच्या जाडीएवढा बर्फ असेल तर वितळवून टाका, बर्फ स्वतःच इन्सुलेशनचं काम करतो. फक्त सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, अॅल्युमिनियमच्या प्लेटला भोक पाडलं की सगळी सिस्टीम गेली. थर्मोस्टॅटची बारीक नळी प्लेटला जिथे क्लिपने धरलेली असते तिथून निसटली आहे का तेही याच वेळी बघून घ्या.

इन्सुलेशन ओलं झालंय का हे सहज कळत नाही, पण डब्याच्या बाहेरच्या भिंतीवर हात फिरवा, एखादी जागा बाकीपेक्षा गार आणि घामेजलेली लागली तर तिथला फोम पाणी प्यायलाय. मग मशीन कितीही चांगलं असू दे, ते त्या भिंतीतून येणाऱ्या उष्णतेला पुरं पडणार नाही.

आता पाणी

यातच सगळ्यात जास्त दोष सापडतात म्हणून इथे वेळ द्या.

फ्रिज चालू करा आणि पाणी बोटीबाहेर जिथे पडतं तिथे बघा. पाणी येतंय एवढ्यावर समाधान मानू नका, मोजा. एक लिटरची बाटली धरा आणि किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून बघा. 12 सेकंदांत भरली तर मिनिटाला 5 लिटर झाले, छोट्या कंप्रेसरला तेवढं भरपूर आहे. पाणी किती गरम होऊन बाहेर पडायला हवं याबद्दल बराच गैरसमज आहे, लोक हात लावून बघतात आणि पाणी गार लागलं की म्हणतात कंप्रेसर काम करत नाही. हिशोब करून बघा, छोटी सिस्टीम साधारण 200 वॅट उष्णता पाण्यात सोडते असं धरलं आणि मिनिटाला 5 लिटर पाणी फिरतंय तर पाण्याचं तापमान जेमतेम अर्ध्या अंशाच्या थोडं वर वाढतं. ते हाताला कळणारच नाही. पाणी मिनिटाला एक लिटरवर आलं तर फरक 3 अंशांच्या जवळ जातो. म्हणजे बाहेर पडणारं पाणी हाताला स्पष्ट कोमट लागत असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही, पाणी कमी पडतंय.

पाणी कमी आहे असं दिसलं तर स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी असलेलं भांडं) उघडायचा, पण त्याच्या आधी सीकॉक बंद. हे मी इतक्या वेळा सांगतो की लोक कंटाळतात, तरी सांगणार, कारण सीकॉक उघडा ठेवून स्ट्रेनरचं झाकण काढलं तर बोटीत पाणी यायला लागतं आणि तेव्हा घाईत झाकण आडवं बसतं. सीकॉकच्या शेजारी त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं असावं. सीकॉकचं हँडल फिरतच नसेल, किंवा फिरवताना वाकत असेल, त्याच्या पितळेवर गुलाबी रंग आला असेल तर जोर लावू नका. गुलाबी रंग म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि उरलेला धातू ठिसूळ झालाय, तो हातात तुटला तर फ्रिज ही फार लहान अडचण वाटेल. तिथे थांबा आणि बोट पाण्याबाहेर काढल्यावरच तो बदलून घ्या.

स्ट्रेनरमध्ये शेवाळ, जेलीफिशचे तुकडे, प्लॅस्टिक, बारीक शिंपले असं काहीही सापडतं. जाळी धुवा, झाकणाच्या रबर रिंगवर भेग आहे का बघा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. स्ट्रेनर पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला असेल तर ही रिंग फार महत्त्वाची, कारण तिथून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जाळी स्वच्छ असूनही पाणी कमी असेल तर सीकॉकच्या पुढची होस काढा, सीकॉक हळूच थोडा उघडा आणि पाणी जोरात येतंय का बघून लगेच बंद करा. तिथेच बारीक धार आली तर अडथळा थेट बुडाच्या भोकात आहे, बहुतेक वेळा बार्नकल, म्हणजे बुडाला चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव. बोट बरेच दिवस एका जागी उभी असेल तर हे हमखास होतं.

मग पंप. या कामाला बहुतेक मॅग्नेटवर फिरणारे सेंट्रिफ्युगल पंप लावतात आणि ते स्वतः पाणी ओढून घेऊ शकत नाहीत, पाणी आपोआप त्यांच्यापर्यंत आलं पाहिजे. म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या खाली पाहिजे आणि सीकॉकपासून पंपापर्यंत होस कुठेही कमान न करता एकसारखी चढत गेली पाहिजे. मध्ये उंचवटा असला की तिथे हवा अडकून बसते आणि मोटर फिरते, आवाज येतो, पाणी मात्र येत नाही. हवा काढायला पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूची होस क्लिप सैल करा, सीकॉक उघडा ठेवून पाणी झिरपायला लागेपर्यंत थांबा, परत घट्ट करा. बोट वेगात असतानाच पाणी तुटत असेल तर बुडाखालची जाळी मागच्या दिशेला तोंड करून बसवली आहे का ते बोट वर काढल्यावर बघा, तशी असेल तर धावताना तिथे पाणी आत ढकललं जाण्याऐवजी बाहेर ओढलं जातं.

पंप कोरडा चालवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असतं. आणि मोठ्या सिस्टीममध्ये रबरी पात्यांचा इम्पेलर असेल आणि त्याची पाती तुटलेली दिसली तर नवा इम्पेलर टाकून काम संपत नाही, तुटलेले तुकडे पुढे जाऊन कंडेन्सरच्या तोंडाशी अडकलेले असतात, ते शोधून काढायलाच हवेत.

ज्यांच्याकडे पंपच नाही, कंडेन्सर सिंकच्या थ्रू-हलमध्ये (पाणी बाहेर सोडायला बोटीच्या अंगात बसवलेली नळी) किंवा बुडाला बाहेरून लावलेला आहे, त्यांचं काम सोपं, त्या भागावर वाढलेले शिंपले मऊ ब्रशने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचे. बोट पाण्याबाहेर असताना ही सिस्टीम तशीच चालवू नका, तिला गार करायला काहीच नसतं.

व्होल्टेज

मल्टिमीटर लागेल. बॅटरीवर 12.6 दिसतंय म्हणून खूश होऊ नका, मोजायचं आहे ते कंप्रेसरच्या इलेक्ट्रॉनिक युनिटच्या टर्मिनलवर आणि तेही कंप्रेसर सुरू होत असताना. चालताना हे कंप्रेसर 12 व्होल्टवर वेगाप्रमाणे साधारण 3 ते 6 अँप घेतात, सुरू होताना ओढ जास्त असते. बॅटरी आणि टर्मिनल यांच्यात 0.4 व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठलातरी जोड गंजलाय. बहुतेक वेळा फ्यूज होल्डर किंवा निगेटिव्हचा जोड निघतो. एकेक जोड उघडा, घासून चकचकीत करा, परत आवळा, आणि वायर हिरवी पडलेली दिसली तर चांगली तांबडी वायर लागेपर्यंत मागे कापा.

युनिटला छोटा एलईडी जोडलेला असेल (नसेल तर + आणि डी टर्मिनलमध्ये 10 मिलीअँपचा लावता येतो) तर तो दर काही सेकंदांनी लुकलुकून दोष सांगतो. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे फॅनच्या आउटपुटवर ओव्हरलोड, आणि वॉटर कूल्डमध्ये त्या आउटपुटवर बऱ्याचदा पंप जोडलेला असतो, तो जाम असेल किंवा मोठा पंप रिलेशिवाय सरळ जोडला असेल तर हेच दिसतं, ते आउटपुट सलग अर्ध्या अँपच्या वर द्यायला बनवलेलंच नाही. तीनदा म्हणजे मोटर सुरू होऊ शकली नाही, दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक फार आहे किंवा कंप्रेसर अडकलाय. पाचेक मिनिटं बंद ठेवून प्रेशर सारखं होऊ द्या आणि परत बघा. चारदा म्हणजे लोड इतका की मोटर कमीत कमी वेगही धरू शकत नाही. पाचदा म्हणजे इलेक्ट्रॉनिक युनिट गरम झालं, आणि इथे लोक फसतात, त्यांना वाटतं आपला फ्रिज पाण्याने गार होतो मग हवेची काय गरज. कंडेन्सर पाण्याने गार होतो, कंप्रेसरचं अंग आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र आजूबाजूच्या हवेवरच असतं. ज्या कप्प्यात कंप्रेसर आहे तो कपडे आणि दोरखंडांनी गच्च भरला असेल तर ते सगळं आधी बाहेर काढा.

एका बारीक नळीवरून बरंच कळतं

कंडेन्सरमधून बाहेर येऊन इव्हॅपोरेटरकडे जाणारी बारीक तांब्याची नळी शोधा. फ्रिज अर्धा तास चालल्यावर तिला हात लावा, साधा थर्मामीटर टेपने चिकटवला तर अजून चांगलं.

नळी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडीच गरम, हाताला कोमट: पाण्याची बाजू चांगली आहे. नळी चटका बसेल इतकी गरम आणि पाण्याची धार बारीक: पाणी कमी, परत वरच्या पायऱ्या. नळी गरम पण धार जोरात: कंडेन्सरच्या आत क्षारांचा थर बसलाय, पाणी येतंय जातंय पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. नळी पाण्याएवढीच गार, इव्हॅपोरेटरवर एका कोपऱ्यातच थर आणि अँप नेहमीपेक्षा कमी: आता गॅस कमी असण्याबद्दल बोलायला हरकत नाही.

तापमानाला एवढं महत्त्व का, तर आर134ए 40 अंशांना द्रव होत असेल तर गेजवर साधारण 9 बार प्रेशर असतं, 55 अंशांना तेच 14 बारच्या आसपास जातं. कंप्रेसरला तेच काम करायला तेवढं जास्त ढकलावं लागतं, अँप वाढतात, थंडावा कमी होतो आणि आयुष्यही घटतं.

अॅनोड आणि क्षार काढणं

कंडेन्सरला झिंकचा पेन्सिल अॅनोड (कंडेन्सरऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा दांडा) असेल तर काढून बघा (सीकॉक बंद करून). अर्धा संपला की बदलायचा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अॅनोडला कंडेन्सरच्या धातूशी थेट संपर्क हवा, टेपमुळे तो तुटतो आणि मग अॅनोड नवा कोरा राहतो, झिजतो तो कंडेन्सर. महिनोन्महिने अॅनोड जसाच्या तसा दिसत असेल तर खूश होऊ नका, संपर्क तपासा. उलट काही आठवड्यांतच फस्त होत असेल तर पाण्यात कुठूनतरी करंट गळतोय, तिथे बोटीचं इलेक्ट्रिकल काम जाणणारा माणूस हवा. जुन्या अॅनोडचा तुटका तुकडा आत राहिला असेल तर तो बाहेर काढा, पाणी अडायला तेवढाही पुरतो.

क्षार काढायला आधी उलट्या दिशेने गोडं पाणी सोडून बघा, कधी कधी तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर फ्रिज बंद, सीकॉक बंद, अॅनोड काढून त्या जागी प्लग, कंडेन्सरच्या दोन्ही होस बादलीत आणि छोट्या पंपाने सायट्रिक अॅसिडचं 5 ते 10 टक्के पाणी अर्धा ते एक तास फिरवा. फेस येणं थांबलं की क्षार निघाले समजायचं, आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढा. हातमोजे आणि चष्मा घाला. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरू नका, आणि कुठल्याही अॅसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो आणि बोटीच्या कप्प्यातून तो लवकर बाहेर जात नाही. कंडेन्सर फार जुना असेल आणि वर्षानुवर्षं अॅनोडशिवाय चालला असेल तर अॅसिड फिरवूच नका. कधी कधी तिथे क्षाराच्या थरानेच भोक बुजलेलं असतं.

इथे थांबायचं

पाणी मोजलं, व्होल्टेज मोजलं, कंडेन्सर धुतला आणि तरी गार होत नाही, तर आता गॅसचं काम जाणणाऱ्या मेकॅनिकला बोलवा. तुम्ही फार तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का आणि कुठे तेलकट डाग आहे का एवढं बघा. गॅस स्वतः सोडू नका, आर134ए हा वातावरण तापवणारा गॅस आहे आणि तो मुद्दाम हवेत सोडायला बऱ्याच देशांत कायद्याने बंदी आहे, शिवाय व्हॅक्यूम पंप आणि वजनकाट्याशिवाय इतक्या छोट्या सिस्टीममध्ये गॅस अंदाजाने भरणं म्हणजे नवा बिघाड विकत घेणं. कंप्रेसरवरचं लेबल वाचा, आर600ए किंवा आर290 लिहिलेलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर बिल्जमध्ये साठतो, त्याच्या नळ्यांना बिलकुल हात लावायचा नाही. पंप किनाऱ्याच्या 110 किंवा 230 व्होल्टवर चालणारा असेल तर त्याची वायरिंग पण स्वतः उघडू नका, खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या जागेत तो धक्का जीवघेणा असतो.

मेकॅनिक आला की त्याला नुसतं गार होत नाही असं सांगू नका. समुद्राच्या पाण्याचं तापमान, मिनिटाला किती लिटर पाणी येतं, टर्मिनलवर चालताना किती व्होल्ट आणि किती अँप, एलईडी किती वेळा लुकलुकतो, बारीक नळीचं तापमान आणि इव्हॅपोरेटरचा किती भाग पांढरा होतो, एवढं कागदावर लिहून द्या. त्याने गॅस कमी आहे सांगितलं तर लीक कुठे सापडला ते विचारा, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरून देतो म्हणाला तर दुसरा माणूस बघा.